साकांक्ष मुखपृष्ठ : चित्रकथांच्या मुखपृष्ठकलेचा एक निकष

१

चित्रकथेच्या मुखपृष्ठाचा विचार आजवर मुख्यतः दोन बाजूंनी होत आला आहे. एक बाजू बाजाराची आहे. ज्या मुखपृष्ठामुळे अंक खपला ते यशस्वी आणि ज्यामुळे तो पडून राहिला ते अयशस्वी, असा तिचा सरळ हिशेब असतो. दुसरी बाजू चित्रकलेची आहे. रेषा, रंग, अवकाशाची वाटणी, आकृतीचा तोल ह्यांच्या आधारे ती मुखपृष्ठाला एक स्वतंत्र चित्र समजून त्याचे गुणदोष पाहते. पहिल्या दृष्टीने मुखपृष्ठ ही जाहिरात ठरते, दुसरीने ते भिंतीवर लावण्याजोगे चित्र ठरते. ते ज्या अंकाचे मुखपृष्ठ आहे त्या अंकाशी त्याचे नाते काय, हा प्रश्न मात्र दोन्ही ठिकाणी मागे पडतो. वस्तुतः मुखपृष्ठाचे मुखपृष्ठपण ह्या नात्यातच आहे.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) ह्या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ह्या लयतत्त्वांच्या आधारे केलेले सौंदर्याचे विवेचन मराठी समीक्षेला परिचित आहे. मुखपृष्ठाच्या बाह्य रचनेचे पुष्कळसे विश्लेषण ह्या तत्त्वांनी करता येईल. परंतु ह्या विचारसरणीत कलाकृती स्वयंपूर्ण असल्याचे गृहीत धरलेले असते, आणि मुखपृष्ठ तर स्वयंपूर्ण नसते. ते उलटले जाण्यासाठीच असते. म्हणून त्याच्या परीक्षणाला असा निकष हवा, की ज्यात अपुरेपणा हा दोष न ठरता स्वभाव ठरेल.

असा निकष शोधण्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वाक्याचे लक्षण सांगताना आकांक्षा, योग्यता आणि आसत्ती ह्या तीन अटी सांगितल्या आहेत. ‘गाय, घोडा, पुरुष, हत्ती’ असे शब्द एकापुढे एक ठेवल्याने वाक्य होत नाही, कारण एका शब्दाला दुसऱ्याची अपेक्षा नाही; तेथे आकांक्षा नाही. ‘अग्नीने शिंपतो’ ह्यात अपेक्षा आहे, पण अर्थांचा मेळ बसत नाही. तेथे योग्यता नाही. ‘देवदत्त’ हा शब्द आज उच्चारला आणि ‘जातो’ हा उद्या, तर मेळ असूनही बोध होत नाही; तेथे आसत्ती, म्हणजे पदांचे सान्निध्य नाही. मुखपृष्ठ हे पूर्ण वाक्य नव्हे. ते वाक्याचे पहिले, साकांक्ष पद होय, आणि अंकातील कथा हे त्याला पूर्ण करणारे पद होय. ह्या तीन अटी मुखपृष्ठांना लावल्या असता त्यांचे यशापयश बाजार आणि चित्रकला ह्या दोन्ही निकषांपेक्षा अधिक नेमकेपणाने सांगता येते, असे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. चित्रकथेच्या नियतकालिकाला आजचे रूप मुख्यतः अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात आले. म्हणून उदाहरणे बहुतांशी तेथील घेतली आहेत.

२

आसत्तीचा विचार प्रथम करणे सोयीचे, कारण मुखपृष्ठाची पहिली परीक्षा डोळ्यापुढे होते. अमेरिकन चित्रकथा अनेक दशके वृत्तपत्रविक्रेत्यांच्या ठेल्यांवर आणि दुकानांतील तारेच्या फिरत्या मांडण्यांवर विकल्या गेल्या. तेथे अंक एकमेकांवर चढवून ठेवलेले असत आणि कित्येकदा वरचा भागच तेवढा दिसे. नियतकालिकाचे नाव मोठ्या अक्षरांत अगदी वर घेण्याची रूढी ह्या मांडणीतून दृढ झाली. मार्व्हल ह्या प्रकाशनसंस्थेने १९६३ मध्ये डाव्या वरच्या कोपऱ्यात नायकाची लहान आकृती असलेली चौकट घालण्यास आरंभ केला. चित्रकार स्टीव्ह डिट्को ह्यांना तिचे श्रेय दिले जाते. अंकाचा बाकीचा भाग झाकला गेला तरी तो कोणाचा अंक हे ह्या चौकटीवरून कळत असे. नाव, आकृती आणि प्रसंग ही तीन पदे क्षणार्धात एकत्र यावीत ह्यासाठी केलेली ही योजना होती. तिला केवळ विक्रीची युक्ती म्हणणे पुरेसे नाही.

आसत्ती म्हणजे कमीत कमी तपशील, असा मात्र समज होऊ नये. ‘अमेझिंग फँटसी’ ह्या नियतकालिकाच्या १५ व्या अंकाचे (ऑगस्ट १९६२) उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. स्पायडर-मॅन ह्या पात्राचा हा पहिला अंक. त्याच्यासाठी डिट्को ह्यांनी काढलेले मुखपृष्ठ बाजूला ठेवले गेले आणि जॅक कर्बी ह्यांनी रेखाटलेले, डिट्को ह्यांनीच शाई भरलेले दुसरे चित्र छापले गेले. दोन्ही चित्रांत विषय एकच आहे: नायक एका गुन्हेगाराला काखेत धरून जाळ्याच्या दोराने इमारतींमधून झेपावत आहे. डिट्को ह्यांच्या चित्रात पाहणाऱ्याची दृष्टी वरून खाली, दूरच्या रस्त्यावर जमलेल्या माणसांकडे जाते. उंचीची भीती त्यात उत्कृष्ट उतरली आहे, आणि केवळ चित्र म्हणून ते अधिक अनपेक्षितही आहे. परंतु नजर नायकावर ठरण्यापूर्वीच खोलीत उतरते. कर्बी ह्यांच्या चित्रात नायक वाचकाच्या समोर मोठा होऊन येतो. त्याच्या अंगाची कमान आणि ताणलेला दोर ह्यांचा एकच आकार होतो, आणि पाहणारी माणसे मागे लहान राहतात. ह्या चित्रावर नायकाच्या तोंडी बराच मजकूर आहे, तरी त्याने बाध येत नाही, कारण तो आकृतीनंतर वाचला जातो. आसत्ती शब्दांच्या संख्येवर अवलंबून नसून पदांच्या क्रमावर अवलंबून असते, हे ह्या तुलनेवरून ध्यानात येईल. ज्या पात्राला वाचक प्रथमच पाहत आहे त्याच्या अंकाला कर्बी ह्यांचा क्रम अधिक उचित होता. हेच पात्र परिचयाचे झाल्यावर डिट्को ह्यांचे चित्र कदाचित श्रेष्ठ ठरले असते.

३

आकांक्षा हा मुखपृष्ठाचा प्राण होय. लेसिंगने ‘लाओकून’ (१७६६) ह्या ग्रंथात चित्रकाराने कृतीचा परमोच्च क्षण न निवडता त्याच्या अलीकडचा क्षण निवडावा, म्हणजे प्रेक्षकाच्या कल्पनेला पुढे जाण्यास वाव राहतो, असे प्रतिपादन केले होते. चित्राच्या बाबतीत हा उपदेश ऐच्छिक मानता येईल. मुखपृष्ठाच्या बाबतीत तो अनिवार्य आहे, कारण येथे पुढचा क्षण केवळ कल्पनेत नसून खरोखरच पुढच्या पानांवर आहे.

‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाचे (जून १९३८) जो शूस्टर ह्यांनी काढलेले मुखपृष्ठ सर्वपरिचित आहे. निळ्या पोषाखातील आणि लाल प्रावरणातील एक पुरुष हिरवी मोटार डोक्यावर उचलून खडकावर आदळत आहे आणि अग्रभागी एक माणूस डोके धरून वाचकाच्या दिशेने पळत सुटला आहे. आजचा वाचक हे चित्र सुपरमॅनचे म्हणून ओळखतो. परंतु मुखपृष्ठावर सुपरमॅनचे नाव कोठेही नाही, आणि १९३८ मधील वाचकाला हा कोण हे ठाऊक नव्हते. ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे चित्राचे खरे सामर्थ्य दिसते. माणसे पळत आहेत, मोटार मोडत आहे, आणि हे करणारा पुरुष रक्षक आहे की राक्षस, ह्याचा चित्र काहीच निर्वाळा देत नाही. उलट, पळणाऱ्याचा चेहरा वाचकाकडे असल्यामुळे वाचकाची पहिली सहानुभूती त्याच्याकडेच जाण्याचा संभव अधिक. जेरी सीगल ह्यांच्या कथेत ह्या प्रसंगाचा उलगडा होतो: मोटारीतील माणसांनी लोइस लेन हिला पळविले आहे आणि मोटार मोडणारा तिला सोडविण्यास आला आहे. मुखपृष्ठाने उभा केलेला प्रश्न कथेने नेमका सोडविला. नवलाची गोष्ट अशी, की त्यानंतर ह्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर सुपरमॅन पुन्हा आला तो एकदम ७ व्या अंकात, डिसेंबर १९३८ मध्ये. आपल्या हाती काय लागले आहे ते प्रकाशकांच्याही तत्काळ ध्यानात आले नव्हते, असे ह्यावरून म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

ह्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. आकांक्षा ही चित्रात कायमची कोरलेली नसते. ती चित्र आणि त्या काळचा वाचक ह्यांच्यामध्ये असते. सुपरमॅन जगभर परिचित झाल्यावर ह्या मुखपृष्ठाचा प्रश्न विझला आणि उरले ते एक बोधचिन्ह. आज त्याची स्तुती होते ती प्रायः ह्या बोधचिन्हाची असते. समीक्षकाचे काम त्याचा विझलेला प्रश्न पुन्हा पेटवून पाहण्याचे आहे.

आकांक्षेची सर्वांत शुद्ध रचना कोणती, असे विचारल्यास ‘द फ्लॅश’च्या १२३ व्या अंकाकडे (सप्टेंबर १९६१) बोट दाखविता येईल. कार्माइन इन्फन्टिनो ह्यांनी ह्या मुखपृष्ठाच्या मध्यभागी एक विटांची भिंत उभी केली आहे. मागे एक माणूस कोसळत्या तुळईखाली सापडून मदतीसाठी हाक देत आहे. भिंतीच्या एका बाजूने १९५६ मध्ये अवतरलेला नवा फ्लॅश धावत येत आहे, आणि दुसऱ्या बाजूने ज्याचे नियतकालिक १९४९ मध्येच बंद पडले होते तो १९४० चा जुना फ्लॅश. दोघे एकाच कामासाठी धावत आहेत आणि दोघांनाही एकमेकांची जाणीव नाही. भिंतीच्या दोन्ही बाजू दिसतात त्या फक्त वाचकाला. हे ज्ञान वाचकाला पात्रांपेक्षा अधिक देऊनही त्याची उत्कंठा वाढते, कमी होत नाही. माणूस वाचेल की नाही हा प्रश्न तर आहेच. परंतु एकाच नावाचे दोन पुरुष एका जगात कसे, हा त्याहून मोठा प्रश्न त्या एका भिंतीने उभा केला. गार्डनर फॉक्स ह्यांनी लिहिलेल्या कथेने त्याचे उत्तर दोन समांतर जगांच्या कल्पनेत शोधले, आणि ती कल्पना पुढे दशकानुदशके ह्या प्रकाशनसंस्थेच्या कथांना पुरली.

बाजाराचा निकष येथे कसा फसतो ते ‘स्ट्रेंज ॲडव्हेंचर्स’च्या ८ व्या अंकावरून (मे १९५१) दिसते. ह्या मुखपृष्ठावर पिंजऱ्यातील एक गोरिला बाहेरच्या तरुणीला लिहिलेला मजकूर दाखवीत आहे, आणि आपण एका भयंकर शास्त्रीय प्रयोगाला बळी पडलो असे तिला विनवून सांगत आहे. हा अंक विशेष खपला, आणि संपादक ज्युलियस श्वार्ट्झ ह्यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे गोरिला असला की अंक खपतो, असा निष्कर्ष काढला गेला. त्यानंतर गोरिलांची मुखपृष्ठे वारंवार निघाली. वस्तुतः वाचकाला ओढले ते गोरिलाने नव्हे. पशूच्या देहातून येणाऱ्या मानवी विनवणीने. त्या विनवणीत एक असह्य विसंगती होती आणि ती सोडविल्यावाचून राहवत नव्हते. बाजाराने वाक्यातील नाम तेवढे उचलले आणि वाक्य सोडून दिले.

४

योग्यता म्हणजे मुखपृष्ठ आणि कथा ह्यांच्या अर्थांचा मेळ. मुखपृष्ठावरचा प्रसंग कथेत जसाच्या तसा असला की योग्यता सिद्ध झाली, असे वरवर पाहता वाटेल. तसे असते तर श्वार्ट्झ ह्यांच्या पद्धतीने काढलेल्या मुखपृष्ठांना दोषच देता आला नसता. ते कित्येकदा मुखपृष्ठाची कल्पना आधी ठरवीत आणि तिला अनुसरून कथा लिहवून घेत. ही पद्धत पुष्कळांना उफराटी वाटते. परंतु समस्यापूर्तीत दिलेल्या चरणावरून श्लोक रचण्याची परंपरा ज्यांना ठाऊक आहे त्यांना तीत विपरीत काही दिसू नये. पूर्ती कशी साधली एवढाच प्रश्न तेथे असतो. ‘द फ्लॅश’च्या १६३ व्या अंकाच्या (ऑगस्ट १९६६) मुखपृष्ठावर नायक पंजा पुढे करून वाचकालाच थांबवितो, आणि हा अंक टाकून पुढे जाऊ नका, माझे प्राण त्यावर अवलंबून आहेत, अशा अर्थाचे आर्जव करतो. ही शुद्ध विक्रेत्याची आरोळी वाटते. कथा वाचल्यावर मात्र असे दिसते, की लोकांचा आपल्या अस्तित्वावरील विश्वास उडाल्यामुळे नायक खरोखरच विरत चालला आहे. आरोळीला कथेने अर्थ दिला, आणि म्हणून ती आरोळी राहिली नाही.

उलट, वचन मोडणाऱ्या मुखपृष्ठांचाही इतिहास आहे. नायकाचा मृत्यू, विवाह किंवा विश्वासघात मुखपृष्ठावर दाखवावा आणि आत ते स्वप्न, सोंग किंवा ‘काल्पनिक कथा’ निघावी, हा प्रकार सुपरमॅनच्या मालिकांत इतका रूढ झाला, की १९६० नंतरच्या दशकात हे स्वप्न नव्हे, फसवणूक नव्हे, काल्पनिक कथाही नव्हे, अशी ग्वाही मुखपृष्ठावरच छापण्याची पाळी आली. ज्या चित्राला आपल्या खरेपणाची शपथ घ्यावी लागते त्याची योग्यता आधीच क्षीण झालेली असते.

तथापि योग्यता ही प्रसंगाच्या तंतोतंतपणाहून वेगळी आहे, हे ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावरून स्पष्ट होते. अंकावर मार्च १९४१ अशी तारीख असली तरी तो डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे अमेरिका युद्धात उतरण्याच्या सुमारे एक वर्ष आधी, विक्रीस आला. जो सायमन आणि जॅक कर्बी ह्यांच्या ह्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारीत आहे आणि सैनिकांच्या गोळ्या त्याच्या ढालीवर आदळत आहेत. हा प्रसंग आतील कथेत नाही. केवळ शब्दशः पाहता हा वचनभंग ठरेल. ठोसा बसलेला असल्यामुळे आकांक्षाही संपली, असा आक्षेपही कोणी घेईल. परंतु आतील कथा ज्या नायकाची आहे तो फितुरांच्या आणि हेरांच्या विरुद्ध उभा राहण्यासाठीच घडविलेला आहे; त्याच्या साऱ्या कृत्यांचे तात्पर्य त्या एका ठोशात आहे. प्रसंग खोटा असून अर्थ खरा आहे. आणि आकांक्षेचे म्हणाल, तर तिचे पूरक पद अंकात नसून वाचकाच्या जगात होते. अमेरिका हा ठोसा मारणार की नाही, हा प्रश्न त्या वेळी प्रत्येक घरात होता. मुखपृष्ठाने त्याचे उत्तर राष्ट्राच्या आधी देऊन टाकले.

योग्यतेचा एक निराळा प्रश्न मराठी वाचकांच्या परिचयाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मध्ये उपस्थित झाला. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून सुरू केलेली ही माला पुढे मराठीसह अनेक भारतीय भाषांत निघाली आणि १९९० मध्ये थांबली. तिच्या आरंभीच्या अंकांत ली फॉक ह्यांच्या ‘फँटम’च्या, म्हणजे मराठी वाचकांच्या वेताळाच्या कथा होत्या. ह्या कथा मूळच्या, १९३६ पासून वृत्तपत्रांत रोज येणाऱ्या चित्रपट्टीतल्या. आणि चित्रपट्टीला मुखपृष्ठ नसते. तिच्यात रोजच्या शेवटच्या चौकटीत एक लहानशी आकांक्षा निर्माण होते आणि ती दुसऱ्या दिवशी पुरी होते. अंकासाठी अशा अनेक लहान आकांक्षांच्या जागी सबंध कथेची एकच आकांक्षा निर्माण करणे भाग होते, आणि तेही कथा दुसऱ्याने, दुसऱ्या देशात आधीच सांगून झाल्यावर. गोविंद ब्राह्मणिया ह्यांनी ह्या मालेसाठी रंगविलेल्या मुखपृष्ठांचे महत्त्व येथे आहे. एकच चित्र वेगवेगळ्या लिपींतील नावांखाली जावयाचे असल्यामुळे शब्दांचा आधार फारसा घेता येत नसे. आकृतीची झेप, पशूचा जबडा, मागचे अरण्य ह्यांनीच प्रश्न विचारावयाचा. श्वार्ट्झ ह्यांच्या पद्धतीत कथा मुखपृष्ठाची पूर्ती करी, येथे मुखपृष्ठाने पूर्ण झालेल्या कथेला पुन्हा अपूर्ण करावयाचे होते. दुसरे काम पहिल्याहून सोपे मानण्याचे कारण नाही.

५

निकषाची खरी कसोटी वादग्रस्त उदाहरणात लागते. ‘क्राइम सस्पेन्स्टोरीज’च्या २२ व्या अंकाच्या (एप्रिल-मे १९५४) जॉनी क्रेग ह्यांनी काढलेल्या मुखपृष्ठावर एका पुरुषाच्या एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड आहे आणि दुसऱ्यात केसांनी धरलेले स्त्रीचे तुटलेले मस्तक. पुरुषाचा चेहरा चौकटीबाहेर राहिला आहे. २१ एप्रिल १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे बालगुन्हेगारीच्या चौकशीसाठी नेमलेल्या सिनेटच्या उपसमितीपुढे प्रकाशक विल्यम गेन्स ह्यांची साक्ष झाली, तेव्हा सिनेटर एस्टिस कीफॉव्हर ह्यांनी हे मुखपृष्ठ समोर धरून ते अभिरुचीला धरून आहे काय, असे विचारले. भयकथेच्या मुखपृष्ठाच्या दृष्टीने ते अभिरुचीला धरून आहे, असे गेन्स ह्यांनी उत्तर दिले; आणि मस्तक जरा वर धरून मानेतून टपकणारे रक्त दाखविले असते तर ते अभिरुचीला सोडून झाले असते, अशी पुस्तीही जोडली.

ह्या प्रश्नोत्तरात आरोप करणारा आणि बचाव करणारा हे दोघेही एकाच भूमीवर उभे आहेत. रक्त किती आणि मस्तक किती उंच, हा दोघांचाही मुद्दा. मुखपृष्ठ म्हणून हे चित्र काय करते, हे कोणी विचारलेच नाही. ते विचारले असता असे दिसते, की आसत्तीच्या दृष्टीने ही रचना निर्दोष आहे; एका दृष्टिक्षेपात सारे कळते. मारेकऱ्याचा चेहरा चौकटीबाहेर ठेवण्यात आकांक्षेचे बीजही आहे. हा कोण आणि त्याने हे का केले, हे प्रश्न संभवतात. परंतु नजर त्या रिकाम्या जागेकडे जाण्यापूर्वीच मस्तकाशी थांबते. जुगुप्सा ही मनाला मागे ओढणारी वृत्ती आहे, तर आकांक्षा पुढे नेणारी. भय आणि उत्कंठा एकत्र नांदू शकतात, जुगुप्सा आणि उत्कंठा क्वचितच. कृत्य पुरे झालेले आहे आणि चित्राने आपली सारी शक्ती त्या पूर्ततेवरच खर्च केली आहे. ह्या मुखपृष्ठाचा दोष अतिरेकाचा नसून समाप्तीचा आहे. मस्तक कितीही खाली धरले तरी तो गेला नसता.

हा भेद केवळ शास्त्रीय काथ्याकूट नव्हे. त्या चौकशीनंतर त्याच वर्षी प्रकाशकांनी आपली आचारसंहिता सिद्ध केली, आणि संमतीची मुद्रा मुखपृष्ठांवर झळकू लागली. संहितेने नावांत ‘भय’ आणि ‘दहशत’ ह्या अर्थांचे शब्द वर्ज्य केले, आणि ‘गुन्हा’ ह्या अर्थाचा शब्द मुखपृष्ठावर नावातील इतर शब्दांपेक्षा लक्षणीय मोठ्या अक्षरांत असू नये, असेही ठरविले. रक्ताच्या थेंबांवरून सुरू झालेला वाद अक्षरांच्या मापावर येऊन थांबला. गेन्स ह्यांना आपली भयकथांची आणि गुन्हेकथांची नियतकालिके बंद करावी लागली, आणि त्यांत केवळ किळस आणणाऱ्या मुखपृष्ठांबरोबर उत्तम मुखपृष्ठांचीही वाट बंद झाली. चांगले आणि वाईट ह्यांत फरक करणारी भाषा समीक्षेजवळ नसली म्हणजे तो फरक मोजपट्टीने केला जातो, आणि त्याची किंमत कलेला द्यावी लागते.

६

अपयशाचा दुसरा मोठा प्रकार अगदी उलट दिशेने आला. १९८० नंतर अमेरिकन चित्रकथांची विक्री ठेल्यांवरून हळूहळू खास दुकानांकडे गेली, आणि संग्राहक हा महत्त्वाचा ग्राहक झाला. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’ ह्या नव्या नियतकालिकाचा पहिला अंक जिम ली ह्यांच्या पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांनिशी निघाला. चार मुखपृष्ठे शेजारी ठेवली असता एक सलग चित्र होई. पाचव्यात ते चित्र एकत्रच दिलेले होते. दुकानदारांनी ८० लाखांहून अधिक प्रती घेतल्या. बाजाराच्या निकषाने हे मुखपृष्ठकलेचे शिखर म्हणावे लागेल. परंतु एका मुखपृष्ठाला अपेक्षा होती ती दुसऱ्या मुखपृष्ठाची. आतील कथेची नव्हे. पाचही प्रती विकत घेणाऱ्याजवळ कथा एकच होती.

‘सुपरमॅन’च्या ७५ व्या अंकाने (जानेवारी १९९३ ची तारीख असलेला, नोव्हेंबर १९९२ मध्ये विक्रीस आलेला) हा प्रकार पराकोटीला नेला. साध्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर भग्नावशेषांत एका काठीवर फाटलेले लाल प्रावरण निशाणासारखे लोंबत आहे. पात्र अनुपस्थित आहे, वस्त्र उपस्थित आहे. ह्या रचनेत आकांक्षाही आहे आणि योग्यताही, कारण कथा खरोखरच तेथवर जाऊन पोचते. पण ज्या आवृत्तीसाठी रांगा लागल्या ती काळ्या पिशवीत बंद केलेली होती, आणि पिशवीवर रक्त गळणारे नायकाचे चिन्ह होते. तीत शोकाची काळी फीतही घातलेली होती. पिशवी फोडली की तिचे मोल उतरणार, ह्या समजुतीने कित्येकांनी ती कधी फोडलीच नाही. उघडण्यासाठी असलेले मुखपृष्ठ न उघडण्याची वस्तू झाले. वाक्याचे पहिले पद उच्चारून दुसरे कधीच उच्चारू नये, आणि त्या मौनालाच भाव यावा, तसा हा प्रकार होता. हा सट्टा फार दिवस टिकला नाही. दशकाच्या मध्याला बाजार कोसळला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हललाही दिवाळखोरीच्या संरक्षणाचा आश्रय घ्यावा लागला. त्याची कारणे अनेक होती. तरी न वाचलेल्या अंकांच्या विक्रीवर वाचकवर्ग उभा राहत नाही, एवढा बोध त्यातून निश्चित होतो.

७

ह्या निकषाला मर्यादा आहेत काय, हे पाहण्यासाठी एक टोकाचे उदाहरण घेता येईल. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स ह्यांच्या ‘वॉचमेन’ (१९८६-८७) ह्या बारा अंकांच्या कथेत प्रत्येक अंकाचे मुखपृष्ठ हीच त्या अंकातील कथेची पहिली चौकट आहे. पहिल्या अंकावर हसऱ्या चेहऱ्याच्या पिवळ्या बिल्ल्याचा तुकडा आणि त्यावर रक्ताचा एक ओघळ एवढेच दिसते. पान उलटले की दृष्टी मागे मागे आणि वर वर सरकत जाते. बिल्ला गटारात पडलेला दिसतो, मग रस्ता, मग उंचावरची फुटलेली खिडकी. येथे नायकाची आकृती नाही, झटापट नाही, संवाद नाही. मुखपृष्ठाचे बहुतेक रूढ संकेत मोडलेले आहेत. तरीही तिन्ही अटी पुऱ्या होतात, किंबहुना इतरत्र होतात त्याहून कसोशीने होतात. एकच वस्तू असल्यामुळे आसत्ती पूर्ण आहे. ती वस्तू काय आणि तिच्यावर रक्त कोणाचे, ही आकांक्षा आहे. आणि मुखपृष्ठ व कथा ह्यांच्यात अंतरच न उरल्यामुळे योग्यतेचा भंग संभवत नाही. शूस्टर ह्यांची मोटार आणि गिबन्स ह्यांचा बिल्ला ह्यांच्यात चित्र म्हणून काहीच साम्य नाही. मुखपृष्ठ म्हणून मात्र ती एकाच कुळातील आहेत. संकेत बदलतात, अटी बदलत नाहीत, असे ह्यावरून म्हणता येईल.

मर्यादा आहे ती दुसरीकडे. आकांक्षा आणि योग्यता ह्यांचा निर्णय अंक हाती असल्यावाचून करता येत नाही. आजच्या अभ्यासकापुढे मात्र मुखपृष्ठे येतात ती प्रायः अंकापासून सुटलेली. पुनर्मुद्रित संग्रहांत ती शेवटी एकत्र छापली जातात. चित्रसंग्रहांत ती ओळीने मांडली जातात. आणि नियतकालिकांचे खंड बांधताना ग्रंथालयांनी कित्येकदा मुखपृष्ठे काढूनच टाकली आहेत. अशा स्थितीत अभ्यासकाच्या हाती एक तर पहिली पदे राहतात किंवा दुसरी. वाक्य राहत नाही. मग एखाद्या मुखपृष्ठाची रेषा वाखाणली जाते, एखाद्याची किंमत सांगितली जाते, आणि परीक्षण पुन्हा ज्या दोन बाजूंपासून आरंभ झाला तेथेच परत येते.

चित्रकथांचा अभ्यास विद्यापीठीय कक्षेत आता आला आहे. तो करणाऱ्याने मुखपृष्ठाविषयी मत देण्यापूर्वी तो अंक मिळवून, मुखपृष्ठासह, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावा, ही अपेक्षा साधी दिसते. वर घेतलेल्या उदाहरणांवरून असे दिसून येईल, की ह्या साध्या गोष्टीवाचून केलेला कोणताही निवाडा, मग तो सिनेटच्या समितीचा असो, संग्राहकाचा असो अथवा समीक्षकाचा असो, अर्ध्या वाक्यावर दिलेला निवाडा ठरतो.